मुलगा मिडफिल्डला खेळतो म्हणून निवडीत मागे पडतो का?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा नोव्हेंबर २०११ चा, नववीत, अंगाने बारीक. शाळेच्या संघात आणि संध्याकाळच्या क्लबात मधल्या फळीत खेळतो. जिल्ह्याच्या आणि मग राज्याच्या निवड चाचणीत त्याचं नाव आलं नाही, आलं ते गोल मारणाऱ्यांचं. एका कोचने आता सल्ला दिलाय की याला विंगला (कडेला) नाहीतर स्ट्रायकरला (गोल मारायला सगळ्यात पुढे) खेळवा, म्हणजे दिसेल. पुण्याचे मामा म्हणतात, निवासी ॲकॅडमीत टाका. आणि सगळ्यात शेवटी, थोडं बिचकतच, त्यांनी विचारलंय की भारताकडून खेळण्याइतका तो आहे का, हे या वयात कळतं का.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही कळत. चौदाव्या वर्षी "हा नक्की" असं सांगता येत नाही, आणि बऱ्याच वेळा "हा नाहीच" असंही सांगता येत नाही. पहिल्याच भेटीत जो कोच "इंडिया मटेरियल" म्हणतो, त्याच्या पुढच्या वाक्यात फीचा आकडा येतो का तेवढं बघा.

बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल. मी बडोद्यात बारा ते सतरा वयाच्या मुलांना शिकवतो, स्वतः मधल्या फळीतच खेळलो, आणि निवड समितीच्या टेबलामागेही बसलोय. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, म्हणून तो कसा खेळतो यावर बोलणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून अडचण त्याच्या जागेत नाही असं मला वाटतं. अडचण अशी की मिडफिल्डरचं काम निवड चाचणीत दिसत नाही, ते मॅचमध्ये दिसतं. आणि आपल्या शहरात या वयाच्या मुलाला खऱ्या मॅच फार कमी मिळतात. जागा बदलून यातलं काहीच सुटत नाही.

चाचणीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातला मैदानावर शंभरेक पोरं, हातात जन्मदाखल्याची झेरॉक्स, पाठीवर पिनांनी टोचलेला नंबर. एकेका गटाला वीस-पंचवीस मिनिटं. एकमेकांची नावंही माहीत नसलेली अकरा पोरं एका बाजूला, आणि प्रत्येकाला स्वतःला दाखवायचंय. पास कोण देणार? ज्याच्याकडे बॉल आला तो मान खाली घालून पळत सुटतो. विंगरचं यात काही बिघडत नाही, बॉल मिळाला की तो एकट्याच्या जोरावर चमकतो. मिडफिल्डरचं अर्धं काम दुसऱ्याच्या हातात असतं. मागच्याने त्याला द्यायला हवा आणि पुढच्याने त्याच्या पासवर पळायला हवं. दोन्ही झालं नाही की उत्तम पोरगंही वीस मिनिटं नुसतं इकडून तिकडे धावताना दिसतं. टेबलामागे बसलेल्याकडे प्रत्येक नंबरासमोर शेऱ्याचा दोन बोटं रुंद रकाना असतो. गोल मारणाऱ्यासमोर खूण आपोआप होते. समितीतले सगळे आंधळे असतात असं नाही, वेळच तेवढा असतो.

म्हणून चाचणीत मिडफिल्डरने काय करावं, हे मी पोरांना वेगळं शिकवतो. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही सेंटर बॅकना, म्हणजे बचावातल्या मधल्या दोघांना, आणि गोलकीपरला नाव विचारायचं, आपलं सांगायचं. मैदानावर नावाने हाक मारली की पास येतो, "ए भाई" म्हटलं की येत नाही. पहिले दोन-तीन बॉल साधे, जवळ, पायात द्यायचे. एकदा तुम्ही परत देता हे कळलं की तीच पोरं तुम्हाला शोधायला लागतात. आपल्या बाजूचे थ्रो-इन स्वतः मागायचे. कॉर्नर, फ्री किक मारायला कुणी नसेल तर पुढे व्हायचं. आणि बॉल हरवल्यावर पहिली पाच पावलं पूर्ण जोरात, कारण समिती बघत असते ती नेमकी हीच. बोलायचं तर सतत. गप्प राहणारा मिडफिल्डर मला संघात चालतो, चाचणीत मात्र तो हरवतो.

आता तो कसा आहे हे तुम्हाला घरबसल्या कसं कळेल. पुढच्या मॅचला मोबाइलवर मॅच काढू नका, मुलगा काढा. सलग दहा मिनिटं कॅमेरा फक्त त्याच्यावर. बॉल कुठेही असू दे, फ्रेममध्ये तोच. घरी आल्यावर एकच गोष्ट बघायची. त्याच्याकडे पास निघाला तेव्हा, बॉल वाटेत असताना किंवा त्याच्याही आधी, त्याने मान वळवून मागे पाहिलं का? बॉल पायाशी आल्यावर बघणं आम्ही बघण्यात धरत नाही. नॉर्वेचे अभ्यासक गेइर यॉर्डेट यांनी वर्षानुवर्षं नेमकं हेच मोजलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरवर कॅमेरे लावून पाहिलं, तर बॉल यायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पुढे दिलेले पास जास्त पोचतात. बार्सिलोनाच्या झावीची मान तर सतत फिरत असायची. त्याच्यात वेग नव्हता, उंची नव्हती, पण पुढे काय होणार हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी काय शोधतो ते लक्षात येईल. माझ्याकडचा एक पोरगा होता, अंगाने तुमच्या मुलासारखाच. उजव्या बॅककडून त्याला पास निघाला. बॉल वाटेत असतानाच त्याने दोनदा मान फिरवली, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. मागून समोरच्या संघाचा सहा नंबर जोरात येत होता. या पोराने बॉल थांबवलाच नाही. अंग आधीच अर्धं वळलेलं होतं, बॉल त्याने पुढच्या पायासमोरून जाऊ दिला, लांबच्या पायाने हलकासा स्पर्श केला, आणि सहा नंबर त्याच्या पाठीमागून तसाच रिकामा निघून गेला. समोर दहा यार्ड मोकळे. मग डाव्या विंगला साधा जमिनीवरचा पास. गोल झाला नाही, टाळी वाजली नाही. कडेला उभे असलेले पालक त्याच वेळी "एऽ, मार ने!" म्हणून ओरडत होते. पण एका स्पर्शात एक माणूस बाद झाला आणि अख्खा संघ पुढे सरकला. मी वहीत लिहितो ते हे.

ही सवय लावता येते, आणि चौदावं वर्ष त्यासाठी उशिराचं नाही. गच्चीची भिंत पुरते. भिंतीवर बॉल मारायचा, परत यायच्या आत मागे बघायचं, मागे उभ्या असलेल्याने किती बोटं दाखवलीत ते बॉलला पाय लागायच्या आधी मोठ्याने सांगायचं. धाकटं भावंड असेल तर त्याला मागे उभं करा, त्याला मजा वाटते. दोन्ही पायांनी. डाव्या पायाचा कंटाळा येतो, म्हणून सुरुवात डाव्यापासून करायची. आम्ही मैदानावर चार-चारचे खेळ घेतो, गोल दोनऐवजी चार कोपऱ्यांत चार. मग एका बाजूला गर्दी झाली की दुसरीकडे मोकळं आहे हे बघणाऱ्यालाच दिसतं. प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडून त्यांच्यामधून वळणं घेत तासभर पळवणारे वर्ग अजून आहेत. त्याने पाय चपळ होतात हे खरं, पण कोन अंगावर येत नाही, त्यामुळे कधी पास द्यायचा हे कोनाकडून शिकता येत नाही.

बारीक अंगाबद्दल. वयोगटाची रेषा १ जानेवारीला आखलेली असते. नोव्हेंबरचा मुलगा म्हणजे त्याच वर्षाच्या जानेवारीतल्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी लहान, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे पुष्कळ असतात. त्यातच मुलांची उंची झपाट्याने वाढायचा काळ हाच. कुणाची मिशी बाराव्या वर्षी फुटते, कुणाची सोळाव्या. म्हणून निवडीत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त दिसतात. हे जगभर होतं. जपानचा शुन्सुके नाकामुरा पंधराव्या वर्षी लहानखुरा म्हणून मारिनोस क्लबाच्या युवा संघात पुढे घेतला गेला नाही. तो शाळेच्या संघातून खेळत वर आला आणि पुढे स्कॉटलंडच्या सेल्टिककडून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध फ्री किकवर गोल मारून बसला. तिथल्याच केइसुके होंडालाही गांबा ओसाका क्लबाने युवा संघात वर घेतलं नव्हतं. तोही शाळेतूनच आला आणि तीन वर्ल्ड कपमध्ये त्याने गोल केले. दोघेही मधल्या फळीतले. त्यांच्या बाबतीत महत्त्वाचं हे की वगळल्यावर त्यांना खेळायला चांगला शालेय संघ मिळाला. मॅच थांबल्या नाहीत. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला काळजी आहे ती याचीच.

वाढीच्या काळात गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला दुखायला लागलं, दाबल्यावर कळ आली, तर "वाढीचं दुखणं आहे" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ते ऑसगुड-श्लाटर नावाचं गुडघ्याखालचं दुखणं असतं. वाढ थांबली की जातं, पण तोवर उड्या आणि पळणं कमी करावं लागतं. हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा. आणि एक गोष्ट कुणी सुचवलीच तर कानाआड करा, वय कमी दाखवण्याची. देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, आणि त्याच्याही पलीकडे, लहान मुलांत मोठा होऊन खेळलेला मिडफिल्डर ताकदीवर जगायला शिकतो. सतराव्या वर्षी सगळ्यांची ताकद सारखी होते, मग त्याच्याकडे काही उरत नाही.

आता जागेचा प्रश्न. विंगला खेळवू नका असं मी म्हणत नाही. चौदाव्या वर्षी त्याने आठवड्यातून एखादी मॅच राइट बॅकला, एखादी विंगला खेळावी. कडेला खेळलं की मैदान एका बाजूने दिसतं, बॅकला खेळलं की मिडफिल्डरने मागे येऊन मदत केली नाही तर काय होतं ते कळतं. माझा विरोध आहे तो निवडीसाठी जागा बदलण्याला. विंगला जी पोरं निवडली जातात ती वेगावर. तुमचा मुलगा वेगवान आहे असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. मग तो जिथे बरा आहे ती जागा सोडून, जिथे पन्नास जण त्याच्याहून जोरात पळतात तिथे रांगेत उभा राहील.

शिवाय मधली फळी म्हणजे एकच काम नव्हे. भारतीय संघातलीच पोरं बघा. जेक्सन सिंग उंच, बचाव फळीच्या पुढ्यात उभा राहून हवेतले बॉल काढणारा, समोरच्याची वाट अडवणारा. अपुइया, म्हणजे मिझोरमचा लालेंगमाविया राल्ते, मागून बॉल घेऊन खेळ चालू करून देणारा. सुरेश सिंग वांगजम आणि डेहराडूनचा अनिरुद्ध थापा दोन्ही गोलसमोरच्या बॉक्सच्या मध्ये न थकता पळणारे. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ ने हरवलं त्यात थापाचा गोल होता, आणि तो मिळाला धावत पुढे जाऊन. सहल अब्दुल समद पुढच्या मोकळ्या जागेत वळून खेळणारा. तुमचा मुलगा यातला कुठला, हे सोळाव्या वर्षापर्यंत ठरवायची घाई नको. एवढं मात्र लक्षात ठेवा की स्ट्रायकरच्या मागची, म्हणजे दहा नंबरची जागा आपल्या मोठ्या क्लबांत बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला मिळत आली आहे. आयएसएलमध्ये, म्हणजे या मोठ्या क्लबांच्या लीगमध्ये, आता एका वेळी चारच परदेशी मैदानावर उतरतात, पूर्वी सहा उतरायचे, तरी क्लब पैसे टाकतात ते तिथेच. त्यामुळे "मी फक्त दहा नंबरला खेळणार" असं ठरवून बसलेल्या भारतीय पोराची वाट अरुंद होते. ज्याला बॉल हिसकावताही येतो आणि पुढे देताही येतो, त्याला कुठलाही कोच घेतो.

तुम्ही भारताचं विचारलंत, तर ज्या पिढीचं पुढे काय झालं हे आपल्याला दिसतं ती बघू. २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. २१ जणांचा संघ, त्यात ८ मणिपूरचे. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात होता, आघाडीला. स्पर्धेच्या आधी मधल्या फळीत सगळ्यात जास्त चर्चा होती कोमल थाटलची. त्याने आदल्या वर्षी गोव्यात ब्रिक्स देशांच्या स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध गोल मारला होता, आणि पोरगं होतंही बघत राहावं असं. पुढे सीनियर संघाच्या मधल्या फळीत टिकले ते जेक्सन, सुरेश आणि अपुइया. जेक्सनने कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल, तो सगळ्यांना आठवतो. त्यानंतर जे झालं ते कमी लोकांना आठवतं. ही पोरं इंडियन ॲरोज नावाने आय-लीग या क्लबांच्या देशव्यापी लीगमध्ये उतरवली गेली, मोठ्या माणसांविरुद्ध. त्या संघाला खाली घसरण्याची भीती नव्हती, फेडरेशनचाच संघ होता. त्यामुळे हरले तरी दर आठवड्याला तीच पोरं खेळत राहिली. सतरा-अठराव्या वर्षी पंचवीस-तीस वयाच्या माणसांचे धक्के खात मधल्या फळीत नव्वद मिनिटं. ॲरोज २०२२ मध्ये बंद झाला. माझ्या मते या तिघांना घडवण्यात वर्ल्ड कपच्या तीन मॅचपेक्षा आय-लीगच्या त्या हंगामांचा वाटा मोठा आहे. गुण कोमलकडेही होता. पण मिडफिल्डरला मॅच लागतात, आणि त्या लागतात त्याच्यापेक्षा जरा जड माणसांविरुद्ध.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला १७ वर्षांखालील आशियाई चषकाची पात्रता फेरी झाली, कांकरियाच्या एका अरेनात. शेवटच्या मॅचमध्ये भारताला इराणविरुद्ध जिंकणं भाग होतं, आधी गोल खाल्ला, आणि तरी २-१ ने जिंकले. कोच बिबियानो फर्नांडिस यांचा संघ. मी पोरांना घेऊन गेलो होतो आणि बजावून ठेवलं होतं की दुसऱ्या हाफमध्ये बॉल बघायचा नाही, आपल्या दोन सेंटर मिडफिल्डरमधलं अंतर बघायचं. पुढे गेल्यावरचा उरलेला वेळ त्या दोघांनी मधली जागा कशी बंद ठेवली हे बघण्यासारखं होतं. एक पुढे गेला की दुसरा थांबतो, एक डावीकडे सरकला की दुसरा त्याच्या मागे. येताना एक्स्प्रेसवेवर पोरं यावरच वाद घालत होती. पहिल्यांदाच गोलवर घातला नाही.

तुमच्या मुलाचा हिशेब यातूनच करा. त्या स्पर्धेला २००९ किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र होते. दरवर्षी वर्ष एकाने सरकतं, म्हणजे २०११ च्या मुलांची पाळी २०२८ ची, आणि पात्रता त्याच्या आदल्या वर्षाच्या शेवटी. मधे मार्च २०२७ मध्ये त्याची दहावीची बोर्डाची परीक्षा. म्हणजे आज घाई करण्यासारखं काही नाही, पण वर्ष वाया घालवण्याइतकी सवडही नाही. देशभरातून तेवीसेक पोरं घेतात, मिडफिल्डर त्यात सात-आठ. हे त्याला सांगा, घाबरवायला नव्हे. मोठी पोरं या आकड्याने खचत नाहीत, उलट शहाणी होतात.

मग मॅच आणायच्या कुठून? कोल्हापुरात हा प्रश्न पडत नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा असे पेठापेठांचे तालमींचे संघ, शाहू स्टेडियम भरलेलं, आणि सोळा वर्षांचं पोरगं तीस वर्षांच्या माणसाला भिडतं. आपल्याकडे दांडिया बाजारात तालीम आहे, जुम्मादादांची जुनी परंपरा आहे, पण ती मल्लखांब-कुस्तीची. फुटबॉलला बडोद्यात मैदानं आहेत, मुलं आहेत, शाळांचे संघ आहेत, फक्त वर्षभर चालणाऱ्या मॅच नाहीत. राज्य सरकारचा खेल महाकुंभ येतो आणि जातो. शालेय संघांच्या सुब्रतो चषकासाठी शाळा नाव नोंदवते, एक हरलात की घरी. राज्य संघटनेच्या वयोगटाच्या लीगमध्ये ज्या क्लबाचा संघ उतरतो, तिथे मुलगा असणं म्हणून सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा संध्याकाळचा क्लब उतरतो का? हे विचारलंत का? मुलाची फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत नोंद कुठल्या क्लबाकडून आहे, की नाहीच आहे, तेही आजच विचारा. नोंदणी एकीकडे आणि खेळणं दुसरीकडे असं झालं की ऐन वेळी ट्रान्स्फरच्या कागदांत महिना जातो.

त्याखेरीज रविवारी सकाळी नवलखीवर, पोलो मैदानावर कॉलेजची आणि नोकरी करणारी मंडळी खेळतात. तिथे ओळखीच्या एखाद्या दादाच्या भरवशावर त्याला पाठवा. पहिले काही रविवार त्याला बॉल दिसणार नाही. कडक जमिनीवर बॉल उसळतो, स्टड्सपेक्षा रबरी तळाचे बूट घाला. पण मोठ्यांत बॉल लवकर सोडावा लागतो, आणि आधी बघितलं नाही तर धक्का बसतो. कोचने शंभरदा सांगून जे होत नाही ते दोन महिन्यांत होतं. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर रात्री पाच-पाच खेळणं वाईट नाही, स्पर्श सुधारतो. पण जाळीमुळे बॉल बाहेर जात नाही आणि लांब पास द्यायला जागाच नसते. फक्त तेच खेळलेली पोरं मोठ्या मैदानावर पंधरा यार्डांच्या पुढे बघत नाहीत. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असतो तेव्हा सकाळी साडेसहाला सुरू करून आठला बंद, त्यापुढे हट्ट नको. आणि नवरात्रात, मुलगा बडोद्याचा आहे, गरब्याला जाणारच. नऊ रात्री बारा वाजेपर्यंत नाचून सकाळी मॅचमध्ये पाय जड का, असं मला विचारू नका एवढंच.

आता मामांचा सल्ला. निवासी ॲकॅडमी वाईट नाही, पण तीत जाण्याचं कारण मॅच हेच असायला हवं. भुवनेश्वरला फेडरेशन आणि फिफाची ॲकॅडमी २०२३ पासून आहे, जमशेदपूरला टाटांची १९८७ पासून, नवी मुंबईला रिलायन्स फाउंडेशनची. तिथे पोरं निवडून घेतात आणि खर्च ते करतात. तिथून बोलावणं आलं तर दहावीचा विचार करूनही मी पाठवा म्हणेन. फी घेऊन कुणालाही घेणाऱ्या ठिकाणी मात्र बसून प्रश्न विचारा. मुलाच्या वयोगटात गेल्या हंगामात किती अधिकृत मॅच खेळलात? त्याच वयोगटात मिडफिल्डर किती आहेत? दुसऱ्या संघातली पोरं कुठे खेळतात? फेडरेशनची मान्यता कितव्या दर्जाची? सतराव्या वर्षानंतर तुमची पोरं कुठे गेली, नावं सांगा. चकाचक जिम आणि जेवणाचा मेन्यू ते स्वतःहूनच दाखवतील. दोनशे पोरांच्या ॲकॅडमीत तुमचा मुलगा बाकावर बसणार असेल, तर मांजलपूरला घरी राहून दर आठवड्याला खेळणारा मुलगा त्याच्या पुढे निघून जाईल. आईच्या हातचं जेवण हा वरचा फायदा.

त्या कोचच्या सल्ल्याबद्दल एकच. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना विचारा की विंगला खेळवायचं ते त्याच्या खेळासाठी की निवडीसाठी. खेळासाठी म्हणाले तर काही महिने द्या, ते त्याला रोज बघतात, मी नाही.

आणि तो दहा मिनिटांचा व्हिडिओ काढलात तर मलाही पाठवा, पण पहिल्या हाफचा नको. सुरुवातीला सगळेच मान वळवतात. दुसऱ्या हाफची शेवटची दहा मिनिटं काढा, शक्यतो संघ एका गोलने मागे असताना. दमल्यावरही तो मागे बघतो का, की फक्त बॉलच्या मागे पळतो, हे पाहिल्यावर तुमच्याशी फोनवर बोलण्यात अर्थ आहे.